क्राउनचे चार दात

आमच्या दूध संघाची जीप कुणामुळे मोडली, हे संघाच्या दप्तरात लिहिलेलं आहे. ते माझ्या अक्षरात आहे आणि ते खोटं आहे. संघ बंद पडून पुष्कळ वर्षं झाली. दप्तर रद्दीत गेलं असेल नाहीतर वाळवीनं खाल्लं असेल. पण आष्टीकडच्या आमच्या भागात त्या वेळची जी थोडी म्हातारी माणसं उरली आहेत, त्यांच्या तोंडी ती हकीकत अजून मी लिहिली तशीच आहे. मीही आता त्याच म्हाताऱ्यांतला एक. आजवर गप्प राहिलो. आता खरं काय ते लिहितो.

जीप लष्करातून निघालेली होती. नगरच्या लिलावात संघानं घेतली तेव्हाच तिचं निम्मं आयुष्य संपलेलं होतं. मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोन चाकांनाही इंजिनची ताकद लावता यायची, म्हणून घेतली. आमच्याकडे रस्ते नव्हतेच. होत्या त्या गाडीवाटा, आणि वाटेत ओढे आणि नदीचं पसरट वाळूचं पात्र. दुधाचे कॅन भरलेला ट्रक जिथं रुतायचा तिथून ही जीप रांगत का होईना बाहेर पडायची. खोड एकच होती. तिचे सुटे भाग नवे मिळत नव्हते. काही मोडलं की मोडका भाग पिशवीत घालायचा, एसटीनं नगर गाठायचं आणि भंगार बाजारात दुकानोदुकानी हिंडून त्याच्या मापाचा दुसरा शोधायचा.

मी संघाचा फिटर होतो. आयटीआयचा दाखला होता, पगार कायम होता, स्टोअरची किल्ली माझ्या कमरेला होती. आणि जीपवर ड्रायव्हर होता तो ऊसतोड कामगाराचा मुलगा. त्यानं स्वतःही सात-आठ हंगाम कोयता चालवलेला. पश्चिमेकडच्या कुठल्याशा कारखान्यावर ट्रॅक्टरवाल्यांच्या मागं मागं राहून तो यंत्र शिकला. संघात तो रोजंदारीवर होता. शाळा त्यानं पाहिली नव्हती. आकडे ओळखायचा, सही करायचा, एवढंच.

लोक मला फिटर म्हणायचे आणि त्याला उस्ताद. इथून सगळं सुरू झालं.

इंजिनमध्ये आवाज आला की मी बोनेट उघडून पुस्तकात शिकवल्याप्रमाणे एकेक गोष्ट तपासत जायचो. तो लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "दुसऱ्या सिलेंडरचा व्हॉल्व हाय. बाकी ब्येस हाय." उघडून पाहिलं की दुसऱ्याचाच निघायचा. दर वेळी. एकदा तरी तो चुकावा म्हणून मी मनातल्या मनात देवाला सांगायचो. लोक भोवती उभे असायचे आणि तो बरोबर निघाला की माझ्याकडे बघायचे. तसं ते बघत नसतीलही. मला तसं वाटायचं.

चेअरमन गावात आले की आधी जीपजवळ जायचे. चहा मागवायचे तो दोन कप, स्वतःला एक आणि त्याला एक. मी स्टोअरच्या दारातून ते बघत असायचो. घरी बायकोचा स्टोव्ह भडकायला लागला, मी दोन रविवार त्याच्याशी झटलो. मी कामावर असताना एकदा तो घरी निरोप द्यायला गेला आणि उभ्या उभ्या पिन फिरवून स्टोव्ह नीट करून आला. संध्याकाळी बायको सहज म्हणाली, "तुमी आपलं कागदाचं बघा. दुरुस्तीचं त्येंच्याकडं सांगत जावा." ती हसत होती. मी जेवण अर्ध्यावर टाकून उठलो.

एकदा त्याच्याबरोबर नगरला गेलो होतो. भंगार बाजारात एक म्हातारा दुकानदार होता, सगळे त्याला मामू म्हणायचे. आम्हाला बघताच तो गादीवरून उठला.

"आव उस्ताद! दो हफ्ते से तुम्हारे वास्ते एक चीज छुपाके रख्यू मैं. किसी कू दिखाया नै."

मग दोघं जुन्या लोखंडाच्या ढिगात शिरले आणि मी त्याची पिशवी धरून बाहेर उभा. बऱ्याच वेळानं मामूचं माझ्याकडे लक्ष गेलं. "ये कौन?"

"हे आमचे फिटरसाहेब," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, चेष्टा नव्हती. "सरकारी शाळंत शिकल्यात. संघाचं समदं ह्येंच्याच हातात हाय."

"अच्छा," मामू म्हणाला. "कागदवाले."

तो मोठ्यानं हसला, दुकानातली माणसं हसली. ड्रायव्हर हसला नाही. त्याचाच मला जास्त राग आला. परतीच्या एसटीत तो म्हणाला, "मनाव घिऊ नका, मामूला सवय हाय." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी पोळा कोरडा गेला. विहिरी तळाला लागल्या, संघाचं दूध दहा कॅनवरून दोनवर आलं. तेव्हा संघानं नदीपलीकडच्या माळावर सभासदांच्या जनावरांसाठी छावणी घातली. चारा ट्रकनं लांबच्या वाटेनं दोन दिवसांआड यायचा. पाणी मात्र अलीकडच्या एकाच विहिरीला होतं. जीपच्या मागं पाण्याची टाकी जोडायची, वाळूचं पात्र ओलांडायचं, पलीकडची खडकाळ चढण चढायची, टाकी रिकामी करून परत यायचं. दिवसात सहा खेपा. ते काम दुसऱ्या कुठल्याही गाडीला होण्यासारखं नव्हतं.

छावणी सुरू झाली त्या दिवशी चेअरमननी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. "उस्ताद, दसऱ्यापर्यंत जीप चालती ठेव. दसऱ्यानंतरच्या मीटिंगला तुला कायम करतो."

त्याच्यासाठी याचा अर्थ काय होता, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यानं मलाच सांगितलं होतं. रोजंदारीवर भागत नसल्यामुळे दसरा-दिवाळीनंतर त्याची बायको तिच्या आई-बापांबरोबर ऊसतोडीला जायची आणि मुलीलाही न्यावं लागायचं. त्या वर्षी मुलगी चौथीत होती. "कायम झालो की बाईमाणूस घरी ऱ्हाईल," तो म्हणाला होता. "पोरगी लई हुशार हाय, साहेब. यंदा तिला फडावरच्या पाचटाच्या कोपीत न्यायची न्हाई म्हंजे न्हाई."

मी "चांगलंय" म्हणालो. मनात काय आलं, तेही लिहिलं पाहिजे. मनात आलं, हा कायम झाला की संघात माझं काय राहणार? मग माझ्याकडे दाखला आणि किल्ली सोडली तर त्याच्याकडे नाही असं काहीच उरणार नव्हतं.

पितरपाठात जीपच्या पुढच्या एक्सलमधला क्राउन तुटला. क्राउन म्हणजे ताटाएवढं दातेरी चक्र. पिनियन नावाचा लहान गिअर त्याला फिरवतो आणि त्यातून चाकं फिरतात. क्राउन आणि पिनियन जोडीनंच बसवायचे असतात. आणि जीपमध्ये पुढच्या क्राउनचे दात मागच्याइतकेच असावे लागतात. फरक पडला तर पुढची चाकं एका वेगानं ओढतात आणि मागची दुसऱ्या वेगानं. वाळूत चाकं घसरतात म्हणून ते खपून जातं. घट्ट जमिनीवर मात्र दोन्ही एकमेकांशी भांडतात आणि मधलं काहीतरी फुटतं.

त्यानं दिवसभरात क्राउन काढला आणि सकाळच्या एसटीनं नगरला जायला निघाला. तुटका क्राउन फडक्यात बांधून त्याच्या हातात होता. मी अडवलं.

संघात नियम होता, जुना भाग स्टोअरला जमा केल्याशिवाय नवा आणायचा नाही. पूर्वी टायर चोरीला गेले तेव्हा मॅनेजरनी तो घातला होता. जीपच्या बाबतीत तो कधी पाळला जात नव्हता, कारण नमुना हातात नसेल तर भंगारातून जोड कसा शोधणार? तो कधी पाळला जात नव्हता, हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी तो पाळायला लावला.

"साहेब, दाखवल्याबगर मामू देणार काय?"

"दात मोजून चिठ्ठी देतो. तेवढं पुरेल."

"पर आजवर..."

"आजवर चुकीचं चालत होतं."

त्यानं फडकं सोडून क्राउन माझ्या टेबलावर ठेवला. "तुमी मोजल्यावर काय परश्नच न्हाई," म्हणाला.

खडूची खूण करून मी दात मोजले. एसटीची वेळ झाली होती, तो दारात उभा होता, मला त्याला ताटकळत ठेवल्याचं सुख होत होतं. एकोणचाळीस भरले. फडक्यातल्या पिनियनचे आठ. चिठ्ठीवर लिहिलं, आठ-एकोणचाळीस, खाली सही. तो गेला.

मग जमा करून घ्यायचा म्हणून मी क्राउन रॉकेलनं धुतला. काळं तेल निघून गेलं आणि एका जागी चार दात मुळापासून उडालेले दिसले. मी उभे असलेले दात मोजले होते, पडलेले धरलेच नव्हते. क्राउन त्रेचाळीसचा होता.

ही चूक कुणाच्याही हातून झाली असती. पण तिची शिक्षा ड्रायव्हरला एकट्यालाच झाली. दुर्दैव असं की एकोणचाळीस दातांचाही क्राउन अशा जीपला येतो. मामूकडे तो असणार आणि ड्रायव्हर तोच समाधानानं घेऊन येणार, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

स्टोअरपासून एसटी स्टँड दहा मिनिटांच्या वाटेवर. गाडी भरेपर्यंत कधी सुटत नसे. मी दाराशी आलो. स्टँडवर गाडी उभी दिसत होती, टपावर कुणी पोती चढवत होता. मी दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिलो. एकदा, एकदाच, त्याला भोवती जमलेल्या लोकांसमोर खाली मान घालावी लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पुढचं मी काही ठरवलं नव्हतं. गाडी सुटली तेव्हा मी आत जाऊन क्राउनची नोंद केली.

तो संध्याकाळी खुशीत आला. जोडी जवळजवळ न वापरलेली मिळाली होती. ती मला दाखवली, नियमाप्रमाणे चिठ्ठी परत केली. मी चिठ्ठी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसवताना त्यानं विचारलं, "फिटरसाहेब, मागल्या क्राउनला बी इतकंच दात हायत नव्हं?"

मागचा उघडून बघायचा तर तेल सांडायचं, अर्धा दिवस मोडायचा, आणि छावणीत जनावरं पाण्याची वाट बघत होती. "इतकेच," मी म्हणालो.

त्यानं मोजले नाहीत. मी मोजले होते म्हणून.

जोडी बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी तो खेप सोडून मुद्दाम स्टोअरला आला. "गाडी आवळल्यावाणी चालतीय. कुणीतरी मागून धरल्यावाणी. माझ्या कानाला बरं लागंना." त्याच्या कानानं बरोबर ओळखलं होतं. मला भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला. म्हणालो, "नवी जोडी आहे. बसेल हळूहळू."

तिसऱ्या दिवशी भरली टाकी घेऊन जीप वाळूतून वर आली आणि पलीकडच्या खडकावर मधली गिअरपेटी फुटली. तिचं लोखंडी कवच तडकून तेल दगडांवर वाहत होतं. टाकी चढणीवरून उलटली. तो उडी मारून वाचला.

पुढचे चार दिवस छावणीत पाणी पोचलं नाही. लोकांनी डोक्यावरून घागरी नेल्या, काहींनी जनावरं हाकत दुसरीकडे नेली. दोन म्हशी आणि एक कालवड मेली. एका म्हाताऱ्याकडं तर त्यातल्या एका म्हशीवाचून दुसरं काही उरलं नव्हतं.

त्यानं स्वतःच मागचा-पुढचा एक्सल उघडला. दात मोजले आणि स्टोअरमध्ये आला. हात तेलानं भरलेले.

"मागं त्रेचाळीस. म्होरं एकोणचाळीस. चिठ्ठी काढा की जरा."

चिठ्ठी मी आदल्या दिवशीच चुलीत घातली होती. "चिठ्ठीवर त्रेचाळीसच होतं," मी म्हणालो.

छावणीत लिंबाखाली सभा झाली. चाळीस-पन्नास सभासद, चेअरमन, मॅनेजर. मॅनेजरनी त्याला विचारलं, वेगळ्या दातांची जोडी आणलीच कशी?

"चिठ्ठीवर एकोणचाळीस हुतं. म्या तेच आणलं."

"फिटर?"

"मी त्रेचाळीस लिहिलं होतं."

तो माझ्याकडे वळला. "फिटरसाहेब, जोडीसंगट चिठ्ठी तुमच्या हातात दिलती."

"माझ्याकडं आली नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "वाचता येतंय का बे तुला?"

"आकडं येतेत."

"येतेत म्हणं! कोयत्याचा हात त्यो, त्येला गिअर काय कळणार?"

लोक हसले. कालपर्यंत त्याला उस्ताद म्हणणारेच हसले. ज्याची म्हैस मेली तो म्हातारा हसला नाही. तो उठून ड्रायव्हरच्या पुढ्यात थुंकला. मान खाली घालून चेअरमन म्हणाले, "कमी करा ह्याला." मी जे बघायला आसुसलो होतो ते सगळं मला बघायला मिळालं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला थंडावा वाटला. अपराध वाटायला पुढं वेळ लागला.

तो जीपची किल्ली द्यायला आला तेव्हा स्टोअरमध्ये आम्ही दोघंच होतो. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली.

"कावून केलं, फिटरसाहेब?"

मी नटबोल्टांच्या डब्यात हात घालून काहीतरी शोधत असल्यासारखं करत राहिलो. तो म्हणाला, "सकाळच्याला चालू केल्या केल्या रेस दिऊ नका. तेल वर चढू द्या. म्हातारी हाय ती." आणि गेला. दप्तरात मी लिहिलं, चालकाच्या निष्काळजीपणामुळे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक आला. भांडी, गाठोडी, कोंबड्या, माणसं. त्याची बायको आधी चढली, मग तो, मग त्यानं मुलीला हात देऊन वर घेतलं. मी संघाच्या ओट्यावर होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसरी गिअरपेटी बसून जीप माझ्याकडे आली. मी ती अकरा वर्षं सांभाळली, आणि त्या अकरा वर्षांत ती नीट अशी कधी चाललीच नाही. दर वेळी कुणीतरी म्हणायचं, "उस्ताद आसता तर कानानं वळखलं आसतं." पाण्याचं प्रकरण विसरलेले लोकही हे विसरले नव्हते. मामूनं मला एकदाही चांगला माल दाखवला नाही. गादीवरून न उठता म्हणायचा, "उस ढेर में देखो." ज्याला मी हाकललं होतं त्याच्यावर मी आणखी अकरा वर्षं जळत राहिलो.

तो वारला हे मला उशिरा कळलं. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्या मुलीकडे गेलो. ती आता पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. चौथीची परीक्षा न देताच ट्रकमध्ये चढली, तेराव्या वर्षी लग्न झालं, पुढं तीस हंगाम कोयता. मोळ्या वाहून पाठ गेली, म्हणून आता घरी शेळ्या राखते. तिनं मला बसायला पोतं टाकलं. मी सगळं सांगितलं. क्राउन, चार दात, चिठ्ठी, स्टँडवर उभी असलेली एसटी.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "आण्णा मरस्तवर म्हणायचे, एकोणचाळीसच हुतं. आमाला वाटायचं, म्हातारपणानं बरळतेत."

मग सांगू लागली, पुढं कारखान्यावर ट्रॅक्टरवाले त्यालाच कसे शोधत यायचे, फडातून उठवून न्यायचे. शेवटी तिथले साहेबसुद्धा त्याला उस्ताद म्हणायला लागले. ती हे सांगत होती आणि मी, तिच्या बापाचा संसार मोडलेला माणूस, तिच्या दारात बसून आत कुठंतरी पुन्हा जळत होतो. तिथंही त्याला उस्तादच म्हणाले. हे तिला सांगायची हिंमत झाली नाही. इथं लिहितो.

"सभेत किती माणसं हुती?" तिनं विचारलं.

"चाळीस-पन्नास."

"आन मला एकलीला सांगायला आलाव?"

मी म्हणालो, "आता त्यातले किती राहिले, बाई?"

"जे राहिले त्येंला कळू द्या. लिहून द्या. आदी मला आणून द्या, मी वाचीन. मंग बाजाराच्या दिवशी देवळाच्या पारावर तुमीच वाचायचं. मी म्होरं बसून ऐकंन, काय गाळलं तर सांगंन."

"तुला वाचायला येतं?"

"सावकास येतं," ती म्हणाली. "चौथीपस्तोर गेलते नव्हं."

म्हणून या वहीत एका ओळीत चार-पाच शब्दच घेतले आहेत आणि अक्षर मोठं काढलं आहे. जोडाक्षरं मोकळी, ठळक काढली. आज शुक्रवार आहे, बाजार रविवारी. उद्या सकाळच्या गाडीनं वही तिच्या हातात देणार आहे.